न बोचलेला खिळा

मी आरी बोलतेय. नाव ऐकून लाकूड कापणारी करवत डोळ्यांपुढे आणू नका. मी बूट शिवणाऱ्याची आरी. मागे मुठीत मावेल एवढं लाकूड, पुढे बोटभर पोलादी टोक, एवढाच माझा संसार. मला काम एकच येतं. चामड्याला भोक पाडायचं आणि बाजूला व्हायचं. मग सुई दोरा घेऊन येते, टाका बसतो, आणि लोक म्हणतात, "बूट छान शिवलाय हं." माझं नाव कुणी घेत नाही. त्याचं मला वाईटही वाटत नाही.

पण आयुष्यभर दुसऱ्याला टोचणाऱ्या माझ्याच मनात एक गोष्ट सलते आहे. ती सांगायला आज बसलेय.

माझा जन्म एका लोहाराच्या भात्यापुढे झाला. कुठल्याशा गाडीच्या मोडक्या स्प्रिंगचा तुकडा त्याने तापवला, ठोकला, दगडावर घासून घासून त्याला टोक आणलं. मूठ बसवली ती एका जुन्या छत्रीच्या दांड्याची. मला बनवून घेणारा माणूस तेव्हा तरणाबांड होता. नवीनच दुकान टाकलं होतं त्याने. तो लोहाराला म्हणाला, "टोक असं कर, की शिरलेलं चामड्याला कळता कामा नये."

लोहार हसला. "चामड्याला काय कळतंय?"

"मला कळतं ना," तो म्हणाला.

हा माझा मालक. त्याला सगळे 'फर्मास' म्हणायचे. त्याचं कारण पुढे सांगते.

दुकान म्हणजे एका जिन्याखालची निमुळती जागा. आत शिरताना उंच माणसाला मान झुकवावी लागायची. भिंतीवर लाकडी फर्मे टांगलेले, लहानमोठ्या पायांचे, नुसते पाय, माणसं नसलेले. मध्ये बूट उलटा ठेवून ठोकायचा लोखंडी पाय. गिऱ्हाइकासाठी एक स्टूल, त्याचा एक पाय आखूड, म्हणून त्याखाली रबराचा तुकडा. समोर रस्त्यापलीकडे सायकल दुरुस्तीवाला. त्याचा पंप दिवसभर धापा टाकायचा आणि आम्ही दिवसभर ठोकाठोक करायचो. दोन्ही दुकानांची मैत्री अशी आवाजाआवाजाने टिकून होती.

माझ्या कामाबद्दल थोडं सांगते, कारण पुढच्या गोष्टीला ते लागेल. मी चामडं कापत नाही. मी त्याच्या तंतूंना फक्त म्हणते, "जरा सरकता का?" ते सरकतात. दोरा आत आला की पुन्हा जवळ येतात आणि त्याला घट्ट धरून बसतात. माझ्याच खणात पंच राहायचा. तो वेगळ्या स्वभावाचा. डोक्यावर हातोडी बसली की चामड्याचा गोल तुकडाच तोंडात घेऊन यायचा. पट्ट्याच्या भोकांना तेच लागतं. मी त्याला कधी नावं ठेवली नाहीत. प्रत्येकाचं भोक वेगळं.

आणि खिळ्यांसाठीही मीच लागायचे. टाचेत खिळा मारण्याआधी फर्मास माझ्या टोकाने जागा करून घ्यायचा, म्हणजे खिळा वाकडा जात नाही. खिळा आत शिरला की त्याचं टोक लोखंडी पायावर आपटून मुडपतं आणि चामड्यातच बसतं. निदान बसायला हवं.

म्हणून फर्मासची एक सवय होती. बूट तयार झाला की तो डाव्या हातात धरायचा, उजवा हात मनगटापर्यंत आत घालायचा, आणि डोळे मिटून बोटं फिरवायचा. टाचेपासून सुरुवात, मग मधली कमान, मग पुढे बोटांच्या जागेपर्यंत. एखादी गाठ, एखादी सुरकुती, एखाद्या खिळ्याचं नाक वर आलेलं असलं तर त्याला लगेच कळायचं. काही नसलं की तो डोळे उघडून म्हणायचा, "फर्मास!" आणि मगच बूट गिऱ्हाइकाच्या पुढ्यात जायचा. तो शब्द ऐकल्याशिवाय लोक पायात बूट घालत नसत. त्यावरूनच त्याचं नाव पडलं.

अशी कितीतरी वर्षं गेली. छत्रीच्या दांड्यावरचं पॉलिश उडालं आणि मुठीला त्याच्या अंगठ्याचा खड्डा पडला. दुसऱ्या कुणी मला धरलं असतं तर त्याचा हात अवघडला असता.

मग दुकानात सूनबाई आली. फर्मासचा मुलगा लांबच्या फेऱ्यांवर ट्रक चालवायचा, महिन्यातून दोन दिवस घरी. सूनबाईला घरात एकटीला करमेना. आधी ती डबा घेऊन यायची. मग डबा खाऊन होईपर्यंत बसायची. मग बसल्या बसल्या सुईत दोरा ओवून द्यायला लागली, कारण फर्मासला आता सुईचं नेढं दिसत नव्हतं. सहा महिन्यांत ती दोऱ्याला मेण लावत होती, वर्षात टाके घालत होती. तिचे टाके फर्मासच्या टाक्यांहून बारीक यायचे. तो हे तिला कधी म्हणाला नाही. मला मात्र कळायचं, कारण तिने शिवलेला बूट तो जरा जास्त वेळ हातात धरायचा.

एकच गोष्ट तो तिला करू देत नसे.

"मामंजी, आज मी बघू का हात घालून?"

"नको. टाके तू घाल, पॉलिश तू कर. आतला हात माझा."

"हात काय पेटीत कुलूप लावून ठेवणार आहात?"

"ठेवला असता, पण मग जेवू कशाने?"

ती हसायची आणि पुन्हा दोरा ओढायला लागायची.

आमच्या त्या आखूड पायाच्या स्टुलावर रोज दुपारी एक गिऱ्हाईक येऊन बसायचं. खरं म्हणजे गिऱ्हाईक वर्षातून दोनदा, बाकी दिवस नुसतंच बसायचं. ते मास्तर. शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. घरी ऐकायला कुणी नाही, म्हणून इथे येऊन शिकवायचे. त्यांची बायको, म्हणजे काकू, म्हणायच्या, "हे तुमच्याकडे येतात म्हणून माझी दुपार सुखाची जाते."

एकदा मास्तर म्हणाले, "फर्मास, आरीने तू काय करतोस?"

"भोक पाडतो."

"इंग्रजीत काय म्हणतात?"

"इंग्रजीतही भोकच पडतं, मास्तर."

सूनबाई दोरा तोंडात धरून खुदकन हसली. मास्तर मात्र वर्गात उभे असल्यासारखे ताठ झाले. "तसं नाही. इंग्रजीत भोकाभोकाला शब्द वेगळा. टोक आरपार गेलं, तर पिअर्स. हातोडी मारून तुकडा काढलास, तर पंच. सुताराने गिरमिट फिरवलं, तर बोअर. यंत्राने केलं, तर ड्रिल. टपालाच्या तिकिटांना कडेने ओळीत भोकं असतात ना, ते परफोरेट. आणि टोक नुसतं लागलं, इवलंसं रक्त आलं, तर प्रिक."

"आणि ते?" फर्मासने समोर बोट दाखवलं. सायकलवाला पाण्याच्या घमेल्यात ट्यूब बुडवून बुडबुडे शोधत होता.

"पंक्चर!" सूनबाई आणि मास्तर एकदम म्हणाले.

"चला, एक तरी घरचा निघाला," फर्मास म्हणाला.

त्या दिवसापासून खेळच सुरू झाला. सूनबाईने बुटांच्या खोक्याचं झाकण घेतलं आणि त्याच्या पांढऱ्या बाजूवर पेन्सिलीने ते सगळे शब्द लिहिले. मास्तर एकेक अक्षर सांगायचे, ती जीभ दातांत धरून गिरवायची. झाकण आमच्या खणाच्या वर अडकवलं. 'पिअर्स'च्या खाली मला टांगलं, 'पंच'च्या खाली पंचला. मला फार ऐट वाटली. इतक्या वर्षांनी कुणीतरी माझ्या डोक्यावर पाटी लावली होती.

सूनबाई मात्र शिकता शिकता वाद घालायची. "मास्तर, तुमचे हे शब्द सगळे टोचणाऱ्याचे. ज्याला टोचलं त्याचे कुठे आहेत? आमच्यात बघा. बोचतं, खुपतं, रुततं, सलतं. सगळे त्या बिचाऱ्याचे."

मास्तर विचारात पडले. "प्रिक आहे की. शिवाय स्टिंग..." असं म्हणत चष्मा पुसायला लागले. फर्मास तिच्याकडे बघून म्हणाला, "बघा मास्तर, आमच्या सूनबाईंनी तुमचे कान टोचले. याला काय म्हणतात तेही लिहा झाकणावर."

इतके आनंदाचे दिवस होते ते. आणि त्याच दिवसांत दोन गोष्टी घडत होत्या. त्या मी पाहिल्या. मला तोंड असतं तर मी ओरडले असते.

पहिली मास्तरांची. एका दुपारी ते आले आणि स्टुलावर बसले. सूनबाई खाली बघून म्हणाली, "मास्तर, तुमची एक चप्पल कुठे आहे?" मास्तरांनी पायाकडे पाहिलं. एका पायात चप्पल, दुसरा अनवाणी. ती कोपऱ्यावरच्या वळणाशी सापडली. "विसरभोळेपणा, दुसरं काय," असं म्हणून ते हसले. आम्ही सगळेच हसलो. पण पायातली चप्पल निसटते आणि पायाला कळत नाही, हा विसरभोळेपणा कसा असेल? मास्तरांना बरीच वर्षं साखरेचा आजार होता. गोळ्या घेतो म्हणायचे. तो विषय तिथेच संपायचा.

दुसरी गोष्ट फर्मासची. ती माझ्याशिवाय कुणालाच ठाऊक नव्हती. बूट शिवताना माझं टोक कधीतरी मालकाच्या बोटाला लागतंच. पूर्वी लागलं की तो "स्स" करायचा, बोट तोंडात घालायचा आणि मला दोन शब्द सुनवायचा. त्या वर्षी मी त्याला दोनदा टोचले. चांगली खोल. रक्ताचा थेंब चामड्यावर पडला. तो शिवत राहिला. मला वाटलं, बोटं निबर झालीत, इतक्या वर्षांचं काम आहे. मी चक्क खूश झाले, की आता शिव्या खाव्या लागत नाहीत.

मग मास्तरांचा तपकिरी बूट आला. टाच निघालेली. ते म्हणाले, "फर्मास, भाचीच्या घरी जायचंय, उद्याच पाहिजे."

फर्मासने टाच नीट बसवली. खिळ्यांसाठी मी जागा केली. बूट जुना होता. आतल्या बाजूला, जिथे मास्तरांचा भार पडायचा, तिथलं चामडं झिजून पापडासारखं झालं होतं. मी तिथे शिरले आणि मला कळलं, इथे नेहमीचा खिळा लांब होईल. मी अडखळले. माझं अडखळणं पूर्वी फर्मासच्या बोटांना लगेच कळायचं. त्या दिवशी त्याने फक्त जोर वाढवला.

खिळा गेला. लोखंडी पायावर त्याचं टोक पुरतं मुडपलं नाही, तांदळाच्या निम्म्या दाण्याएवढं उभं राहिलं.

फर्मासने बूट हातात घेतला. उजवा हात आत घातला. डोळे मिटले. टाच, कमान, बोटांची जागा. मी खणातून बघत होते. त्याची बोटं त्या टोकावरून गेली, परत आली, पुन्हा गेली.

"फर्मास!" तो म्हणाला.

मास्तरांनी बूट पायात घातले आणि उड्या मारल्यासारखे चालत गेले.

त्यानंतर नऊ दिवस ते आले नाहीत. भाचीकडे रमले असतील, असं आम्ही धरून चाललो. दहाव्या दिवशी काकू आल्या. हातात कापडी पिशवी. स्टुलावर बसल्या नाहीत.

"ह्यांना इस्पितळात ठेवलंय," त्या म्हणाल्या. "टाचेला भोक पडलंय. आत सगळं चिघळलंय. मोजे धुताना मला डाग दिसत होता. रोज. मला वाटलं, तुमच्या पॉलिशचा आहे." "नऊ दिवस त्या खिळ्यावर चालले हो. एकदाही म्हणाले नाहीत, की बोचतंय."

त्यांनी पिशवीतून बूट काढला आणि डॉक्टरांची चिठ्ठी काढली. सूनबाईने चिठ्ठी घेतली. इंग्रजीत होती. एवढ्या अक्षरांत तिला एकच शब्द ओळखता आला आणि तो तिने झाकणावर बघून खात्री करून घेतला. पंक्चर.

"पण मी तर हात फिरवला होता," फर्मास म्हणाला. "सूनबाई, तू होतीस ना? फिरवला होता ना मी?"

सूनबाईने बुटात हात घातला. टाचेपाशी पोचली आणि "स्स" करून हात बाहेर काढला. बोटाच्या टोकावर लाल ठिपका आला.

"बघू," फर्मासने बूट ओढून घेतला. हात घातला. डोळे मिटले. "कुठे आहे?"

"टाचेला, मामंजी. आतल्या बाजूला."

"कुठे? इथे काही नाही."

"अजून थोडं मागे. हां, तिथेच."

"इथे? इथे तर गुळगुळीत आहे गं."

सूनबाईने त्याचं मनगट धरून हात हळूच बाहेर काढला. त्याच्या दोन बोटांतून रक्त येत होतं. तो त्याकडे बघत राहिला. दुसऱ्या कुणाचं रक्त असावं तसा.

समोरचा पंप चालूच होता. मग काकू म्हणाल्या, "अहो, तुम्हालाही?" आणि त्यांनी आपल्या पदराने त्याची बोटं धरली.

दुसऱ्या दिवशी फर्मासने दुकान उघडलं नाही. मला त्याने टोकाला बूच लावून खिशात टाकलं, कामाला निघताना टाकायचा तसं. जायचं होतं इस्पितळात, पण हाताला सवय. सूनबाई बरोबर होती. म्हणून पुढचं मला सांगता येतंय.

मास्तर खाटेवर होते. पाय उशीवर, बँडेजमध्ये गुंडाळलेला. फर्मास खाटेपाशी उभा राहिला. सांगायचं ठरवूनच आला होता. म्हणाला, "मास्तर, माझ्या हातून झालं."

"काय झालं?"

"खिळा. मी हात फिरवला. मला कळलाच नाही."

मास्तरांनी छताकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुझ्या हाताला कळला नाही आणि माझ्या पायाला कळला नाही. खिळ्याला काय वाटलं असेल रे? एवढं टोक काढून उभा, आणि कुणी विचारत नाही."

फर्मासला हसू आलं नाही. "डॉक्टर काय म्हणतात?"

"दहा दिवस बघू म्हणतात. जखम आतून भरत वर आली तर पाय राहील. हाडापर्यंत गेली, तर..." त्यांनी हाताने पोटरीच्या खाली एक रेघ मारून दाखवली. इतकी वर्षं शब्द शिकवणाऱ्या माणसाने त्या एका गोष्टीसाठी शब्द वापरला नाही.

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. तरुण होत्या. सूनबाईने त्यांना सरळ सांगून टाकलं, "बाई, आमच्या मामंजींची बोटं बघता का? त्यांना टोचलेलं कळत नाही."

"मला काही झालेलं नाही," फर्मास म्हणाला.

डॉक्टरबाईंनी त्याला बसवलं. डोळे मिटायला सांगितले. बोथट केलेली एक टाचणी घेतली. "लागलं की 'लागलं' म्हणा."

टाचणी टेकली. फर्मास गप्प. पुन्हा टेकली. गप्प. मग त्याला शांततेवरून काहीतरी कळलं असावं. तो म्हणाला, "लागलं." थोड्या वेळाने पुन्हा, "लागलं. आता लागलं."

"मामंजी," सूनबाई हळूच म्हणाली, "बाईंचा हात त्यांच्या मांडीवर आहे. त्यांनी काहीच टेकवलेलं नाही."

फर्मासने डोळे उघडले. आयुष्यात पहिल्यांदा मी त्याला खोटं बोलताना पकडलेलं पाहिलं. त्याची मान खाली गेली. तो खिशावर हात ठेवून बसला, माझ्यावर. त्याला वाटत होतं, हात गेला म्हणजे आपलं नाव गेलं. दुकानावर पाटी नव्हती, त्याचा हात हीच पाटी होती.

त्यालाही साखरेचाच आजार निघाला. कधीपासून होता, कुणाला ठाऊक. डॉक्टरबाईंनी औषधं लिहून दिली आणि म्हणाल्या, "ज्यांच्या पायाला कळत नाही, त्यांच्या बुटात एकही खिळा नको. नुसता शिवलेला पाहिजे, आत मऊ अस्तर. आणि घालण्याआधी कळणाऱ्या हाताने तपासलेला. असा बूट बनवणारे इथे शोधूनही मिळत नाहीत हो."

परतताना रस्त्यात फर्मास सूनबाईला म्हणाला, "नुसता शिवून टाच टिकेल?"

"तुम्ही सांगा."

"टाके दुहेरी घ्यावे लागतील."

"मग घेऊ."

ते दहा दिवस आमच्याकडे ठोकाठोक झाली नाही. समोरचा सायकलवाला दोनदा डोकावून गेला, सगळं ठीक आहे ना विचारायला. दुकान उघडं होतं. नुसती मी चालत होते. माझ्या आयुष्यातला सगळ्यात अवघड बूट तो. फर्मास मापं काढायचा, कुठे किती टाके ते सांगायचा, आणि सूनबाई मला धरायची. पहिल्या दिवशी तिचा हात त्या अंगठ्याच्या खड्ड्यात बसेना. तिचा अंगठा लहान. तिने मुठीला चामड्याची पातळ पट्टी गुंडाळली. मग बसला.

रोज संध्याकाळी काकूंकडून निरोप यायचा. "अजून तसंच आहे." "आज ताप नाही." "आज पुन्हा आला." फर्मास निरोप ऐकायचा आणि म्हणायचा, "चला, पुढचे टाके घेऊ." एकदा सूनबाईने विचारलं, "मामंजी, दुसऱ्या पायाचा आधी करू या का? न दुखावलेल्या?" तो तिच्यावर खेकसला. "दोन्ही पायांचे बूट बनतात! एका पायाचा बूट मी कधी बनवलेला नाही." आणि मग तोंड फिरवून फर्मे पुसत बसला.

दहाव्या दिवशी काकू स्वतः आल्या. दारातूनच म्हणाल्या, "वर येतेय जखम. पाय राहतोय."

फर्मास मटकन त्या आखूड पायाच्या स्टुलावर बसला. इतक्या वर्षांत तो त्यावर कधी बसला नव्हता.

पुरती भरायला चार महिने लागले. मग एका दुपारी मास्तर काठी टेकत, काकूंचा हात धरून दुकानात आले. बूट तयार होते. काळे, रुंद तोंडाचे, दिसायला काही खास नाहीत. फर्मासने एक बूट डाव्या हातात घेतला. उजवा हात सवयीने पुढे गेला. बुटाच्या तोंडापाशी पोचला, आणि थांबला.

सगळे बघत होते. मास्तर, काकू, सूनबाई.

त्याने बूट सूनबाईच्या पुढे धरला. "घे. आतला हात तुझा."

सूनबाईने पदराला हात पुसला. आत घातला. डोळे मिटले. टाचेपासून सुरुवात केली, अगदी त्याच्यासारखी. मग कमान. मग पुढे. पुढे ती थांबली. "एक गाठ लागतेय." तिने बूट उजेडात धरला, मला उलटी करून माझ्या मुठीच्या बोथट टोकाने ती गाठ दाबून दाबून सपाट केली. पुन्हा हात घातला.

तिने डोळे उघडले. तिला तो शब्द उच्चारायला लाज वाटली असावी. ती सासऱ्याकडे बघत राहिली.

"म्हण की," फर्मास म्हणाला.

"फर्मास," ती म्हणाली. फार हळू म्हणाली. पण मास्तरांनी पाय पुढे केला.

आता माझं वय झालंय. टोक घासून घासून आखूड झालंय. जाड तळव्यांना सूनबाईने दुसरी आरी आणली आहे. इस्पितळातून चिठ्ठ्या येतात, खिळ्यांशिवायचे बूट पाहिजेत म्हणून. मला ती फक्त मऊ अस्तराला घेते. आणि आठवड्यातून एकदा आणखी एका कामाला घेते.

त्या दुपारी दोघे म्हातारे शेजारी शेजारी बसतात. मास्तर पाय पुढे करतात, फर्मास हात. डोळे मिटतात. सूनबाई मला उलटी धरते, माझं टोक स्वतःच्या मुठीत लपवते, आणि माझा लाकडी बुंधा त्यांच्या टाचेला, बोटांना हलकेच टेकवते. आयुष्यभर शिरत आलेली मी, म्हातारपणी न शिरता नुसतं टेकायला शिकतेय. मला ते अजून नीट जमत नाही. मी जरा थरथरते.

"मास्तर, लागलं?"

"लागलं."

"मामंजी?"

फर्मास वाट बघतो. पूर्वीसारखं अंदाजाने काही म्हणत नाही. "नाही लागलं," तो म्हणतो. आणि सूनबाई ते बोट लक्षात ठेवते, आठवडाभर त्या बोटाजवळ चामडं कापायची रापी येऊ देत नाही.

परवा त्यानेच मास्तरांना विचारलं, "मास्तर, न टोचता नुसतं टेकवणं, त्याला तुमच्यात काय म्हणतात?"

"टच."

"सोपा आहे की."

"सोपा कसला! जन्मभर मुलांना शिकवला, आता म्हातारपणी त्याचीच परीक्षा देतोय."

सूनबाईने तो शब्द झाकणावर लिहिला, सगळ्यांत खाली. त्याच्याखाली काही टांगलेलं नाही. ती जागा रिकामीच ठेवली आहे.

तुम्हाला माझं एवढंच सांगणं आहे. उद्या बूट घालाल, तेव्हा आधी त्यात हात घाला. टाचेपासून सुरुवात करा. घाई करू नका. आणि तुमच्या हाताला कळेनासं झालं असेल, तर लाजू नका. घरात कुणालातरी हाक मारा आणि म्हणा, "जरा तू बघ. मला लागत नाही."